तुमची छडी, माझ्या फिती

सर, तुमच्या अंत्ययात्रेला मी आले नाही. जमलं नाही असं नाही. आले नाही.

तुम्हाला नेलं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते आणि माझा कराटेचा क्लास नुकताच सुरू झाला होता. मंडळाच्या हॉलला रस्त्याच्या बाजूनं मोठ्या खिडक्या आहेत, तुम्हाला माहीतच आहे. खालून माणसं जाताना दिसली. तुमची जुनी मुलं पुढं होती. तुमचा काळा पट्टा कुणीतरी तुमच्या छातीवर ठेवला होता. दाराशी बसलेली एक आई हळूच म्हणाली, "मॅडम, आज तरी बंद ठेवायचा होता ना क्लास. तुमचेच सर ना ते?" मी तिच्याकडे पाहिलं नाही. मुलांना म्हटलं, "आवाज कुठं गेला? मोठ्यानं मोजा!" मुलांनी असा आवाज लावला की खालचा रामनामाचा गजर ऐकू येईना. मला बरं वाटलं. हे आजच लिहून टाकते, कारण आणखी वर्षभरानं मी हे कबूल करणार नाही.

सोळा दिवस झाले. लोक येऊन सांगतात, सर देवमाणूस होते. सत्तेचाळीस म्हणजे काय जायचं वय झालं? मी मान डोलावते. तुम्ही गेलात याचं वाईट वाटायच्या आधी मला तुमचा राग आला. मला तुमच्याकडून एक गोष्ट ऐकायची होती, आणि ती न बोलता तुम्ही सटकलात. क्लासला दोन मिनिटं उशिरा आलेल्याला फाटकाबाहेर उभं करणारे तुम्ही, स्वतः मात्र वेळेच्या आधी निघून गेलात.

आणि बघा, एवढी चिडलेय तरी 'तुम्ही'च म्हणतेय. एकेरीवर यायचा प्रयत्न केला काल. जीभ वळली नाही. एवढं पक्कं काम करून ठेवलंत तुम्ही.

मी दहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही आमच्या चाळीत आलात. पोरांना तेव्हा मारामारीच्या सिनेमांचं वेड लागलं होतं. गल्लीगल्लीत कुणी ना कुणी डोक्याला फडकं बांधून हवेत लाथा मारायचं. तुम्ही भांडुपच्या कारखान्यात टाइमकीपर. दिवसभर लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायच्या आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवायचं. तीस मुलगे होते, मुलगी एकही नाही. तुम्हाला मुली हव्या होत्या. सात दिवस रोज आमच्या दारात येऊन उभे राहिलात. बाबा गप्प. आई मात्र सरळ म्हणाली, "चेडवाक हाडां मोडून घेवक धाडू काय?"

"वहिनी, हाडं मोडणार नाहीत," तुम्ही म्हणालात. "मोडली तर मीच दवाखान्यात नेईन आणि घरी पण आणून सोडीन."

आई हसली, म्हणजे झालंच. माझ्याबरोबर दोन दारं सोडून राहणारी नीलमही आली. क्लास सुटला की तुम्ही आम्हा दोघींना घरापर्यंत सोडायला यायचात. मिठागरांकडच्या त्या रस्त्याला तेव्हा दिवे नव्हते. तुम्ही कधी आमच्या शेजारून चालला नाहीत. दहा पावलं मागे. आम्ही चाळीत शिरलो की खाकरायचात, आणि वळायचात. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुमचा राग करणं सोपं गेलं असतं.

तुमची पद्धत साधी होती. ज्यानं आठवडाभर चांगलं केलं तो रविवारी पहिल्या ओळीत उजवीकडे उभा राहणार, आणि सगळा वर्ग त्याच्यासाठी तीन टाळ्या वाजवणार. मोजून तीन. चौथी वाजवली तर वाजवणाऱ्याला शिक्षा. ज्यानं वाईट केलं तो शेवटच्या ओळीत, नळापाशी, चिखलात. आळस केला तर पट्टा काढून घ्यायचा. पट्टा नसला की अंगरखा पुढून उघडा पडतो. मग एका हातानं तो आवरत दुसऱ्या हातानं ठोसे मारायचे. आणि सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे घोडा. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं अधांतरी उभं राहायचं, दोन्ही तळव्यांवर एकेक वीट. एकाची वीट पडली की सगळ्यांनी पहिल्यापासून.

सगळ्यात मोठं बक्षीस होतं छडी. वेताची, काळी टेप गुंडाळलेली. आठवड्यातल्या पहिल्या विद्यार्थ्याला रविवारी ती हातात मिळायची. ती घेऊन ओळींमधून फिरायचं आणि ज्याचा पाय चुकला त्याच्या पोटरीला हलकेच टेकवायची. तुमच्याकडे बक्षीस म्हणजे काय, तर दुसऱ्याला शिक्षा करायचा हक्क! मला बारा वर्षांची असताना हे विचित्र वाटलं नाही. मी त्या छडीसाठी घरी पहाटे उठून लाथांचा सराव करायचे.

नीलम माझ्यापेक्षा चांगली होती. हे तुम्हालाही दिसत होतं. तिची लाथ खांद्याच्या वर जायची आणि पाय खाली येताना आवाज व्हायचा नाही. पण तिला उशीर व्हायचा. आमच्या चाळीत पाणी पाच वाजता यायचं, तिची आई दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला जायची, आणि घरातले चार हंडे नीलमनंच भरायचे. तिनं तुम्हाला सांगितलं, "सर, पाणी उशिरा येतं." तुम्ही म्हणालात, "मग लवकर भर." सगळे हसले. मीही हसले.

त्या रविवारी छडी माझ्याकडे होती. नीलम त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा आली होती. तुम्ही तिला पुढं बोलावलंत आणि मला म्हणालात, "तुझी मैत्रीण ना? मग तूच मार. पाच."

मला वाटलं चेष्टा आहे. मी नुसती टेकवली.

"ही मोजायची नाही," तुम्ही म्हणालात. "पहिल्यापासून."

"सर, नको ना."

"हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेला बसायचंय का नाही?"

नीलम माझ्याकडे बघत नव्हती. समोर शाळेची भिंत होती, तिच्यावर सुविचार लिहिला होता, त्याकडे बघत होती. मी मारल्या. पाच. तुम्हाला पटतील अशा. तिसरीला तिच्या तोंडून बारीक आवाज आला, आणि पाचवीनंतर तुम्ही वर्गाकडे वळून म्हणालात, "शिस्त याला म्हणतात. हिच्यासाठी टाळ्या." तीन टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी.

मला त्या टाळ्या आवडल्या, सर. हेच ते. तुम्ही मला मारायला लावलंत यासाठी मी तुम्हाला कधीतरी माफ केलं असतं. पण मारून झाल्यावर माझी मान ताठ झाली, छाती फुगली, हे माझ्या अंगात कुणी घातलं? बारा वर्षांच्या पोरीच्या?

नीलम पुन्हा आली नाही. फ्रॉक घालणारी पोरगी तो सगळा आठवडा उन्हाळ्यात परकर घालून फिरली, बापाला पोटऱ्या दिसू नयेत म्हणून. माझ्या दारावरून हंडा घेऊन जायची आणि माझ्याकडे न बघता जायची. आईनं विचारलं, "तुमचा दोघींचा काय झाला गो?" मी म्हटलं, तिला कराटे झेपलं नाही. मला हिरवा पट्टा मिळाला. तुम्ही स्वतः माझ्या कमरेला बांधलात.

खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून गोरेगावची गोष्टही लिहिते. स्पर्धा होती. मी तेरा-चौदा वर्षांची, पहिल्याच फेरीत हरले, आणि पडताना उजवं मनगट मोडलं. मला दुखण्यापेक्षा तुमची भीती जास्त. तुम्ही मला उचलून रिक्षात घातलंत, दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत दारात उभे राहिलात, पाठ करून. मला वाटलं रागावलात. मग तुमचे खांदे हलताना दिसले. नंतर मला वडापाव घेऊन दिलात आणि माझा डावा हात चालत नाही म्हणून चटणी लावून हातात धरवलात. मी विचारलं, "सर, शिक्षा काय?"

"हरल्याची शिक्षा नसते, खुळे. शिक्षा आळसाची असते."

त्या दिवशी मी तुमच्यासाठी जीव दिला असता. आणि मग घरी जाताना नीलमचं दार दिसलं.

सतराव्या वर्षी मला काळा पट्टा मिळाला. तुमच्या क्लासमधला मुलींमधला पहिला. दुसऱ्याच आठवड्यात मी तुम्हाला स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहाला बोलावलं आणि सांगितलं, मी स्वतःचा क्लास काढतेय. छडी नसलेला. तुम्ही बशीत चहा ओतत होतात. हात थांबला नाही.

"मग काय करणार? गोंजारणार त्यांना?"

"बक्षीस देणार. दर महिन्याला जो चांगलं करेल त्याच्या पट्ट्याला एक निळी फीत. शनिवारी सगळ्यांना पेप्सी."

"पेप्सीसाठी येणारं पोर पेप्सी संपली की जाईल. भीतीनं का होईना, माझं पोर उभं तरी राहतं."

"उभं राहतं सर. पुढं पाऊल टाकत नाही."

"तू टाकलंसच की!"

मग मी ते विचारलं, जे पाच वर्षं विचारायचं होतं. "सर, नीलम आठवते?"

तुम्ही मान वर केलीत. खरंच आठवायचा प्रयत्न करत होतात. "कोण नीलम?"

त्या 'कोण'नं माझं डोकं फिरलं. तुम्ही माफी मागितली असतीत, भांडला असतात, 'बरोबर केलं मी' म्हणाला असतात, तरी चाललं असतं. माझ्या अख्ख्या लहानपणावर वळ उठला होता आणि मारणाऱ्याला नावही आठवत नव्हतं. मी चहा तसाच टाकून उठले. तुमची वाट लावायची, हे तिथंच ठरलं.

आणि लावली. हॉल मुद्दाम तुमच्या मैदानाजवळचा घेतला. वेळ मुद्दाम तुमचीच ठेवली. तुमच्या एकेका विद्यार्थ्याच्या घरी गेले, जसे तुम्ही आमच्या घरी आला होतात, आणि आयांना म्हटलं, आमच्याकडे मारत नाहीत. एवढं एक वाक्य पुरायचं. वर्षभरात तुमच्याकडे अकरा मुलं उरली. मी तुमच्या मैदानावरून जाताना चाल हळू करायचे. तुम्ही अकरा मुलांसमोर उभे राहून साठांसमोर मोजावं तशा आवाजात मोजत असायचात. मला पाहिलं तरी आकडा चुकायचा नाही. मी हसून घ्यायचे, आणि हॉलवर जाऊन मुलांना त्या दिवशी एक खेळ जास्त खेळायला द्यायचे.

मग या मार्चमध्ये तुम्ही माझ्या हॉलच्या दारात आलात. हाताला मुग्धा, तुमची मुलगी. नऊ वर्षांची, दोन वेण्या, तुमच्यासारखीच जाड भुवई.

"हिला घे."

"तुमच्याकडे का नाही शिकत?"

तुम्ही खाली बघितलंत. आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला खाली बघताना पाहिलं. "माझ्याकडे नुसती घाबरते. काही येत नाही तिला. तुझ्याकडे येईल."

मी जिंकले होते. याच्यापेक्षा मोठा विजय मागून मिळाला नसता. पण पोट भरलं नाही माझं.

मुग्धाला मी कधी हात लावला नाही. आवाज चढवला नाही. फक्त फीत दिली नाही. पहिल्या महिन्याअखेर सगळ्यांना निळी फीत, मुग्धाचा पट्टा कोरा. दुसऱ्या महिन्यातही कोरा. ती वर्गात सगळ्यात छान करत होती, सर. नीलमसारखा पाय होता तिचा, खाली येताना आवाज न होणारा. तिनं विचारलं, "मॅडम, माझं काय चुकतं?" मी म्हटलं, "तुझा घोडा कच्चा आहे." ती दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी येऊन कोपऱ्यात एकटी घोड्यात उभी राहायला लागली. पाय थरथरायचे, तरी उठायची नाही. मी हजेरी घेत बसायचे आणि बघायचे. माझ्याकडे छडी नव्हती. लागलीच नाही.

तुम्ही तिला न्यायला यायचात. तिचा कोरा पट्टा तुम्हाला दर महिन्याला दिसावा, यासाठीच ते सगळं होतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तुम्ही मला दाराबाहेर बोलावलंत. चेहरा जरा सुजल्यासारखा होता, जिना चढून दम लागला होता. मला तेव्हा कळायला हवं होतं.

"घोडा अजून कच्चा आहे का तिचा?"

"हो सर."

तुम्ही माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलंत. इतकी वर्षं पोरांना घोड्यात उभं करणारा माणूस. तुम्ही खिडकीतून तिला बघत असणार. तुम्हाला माहीत होतं. माहीत होतं ना?

"मग बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "कच्चा असेल तर देऊ नकोस."

जाता जाता जिन्यात थांबलात. "ती मुलगी. पाणी भरायची ती. नीलम. कुठं असते गं ती आता?"

म्हणजे आठवली होती. केव्हा? त्या चहाच्या रात्री? की मुग्धाला घोड्यात उभी बघून? नीलम कळव्याला मामाकडे असते, पत्ता मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "काय माहीत."

तुम्ही मान हलवलीत आणि मुग्धाचा हात धरून उतरलात. तुम्हाला तिच्याकडे जायचं होतं का? काय बोलणार होतात? तुम्हाला ते बोलता येऊ नये म्हणूनच मी गप्प राहिले. म्हटलं, राहा असेच अडकून, जशी मी राहिले. त्यानंतर अकराव्या दिवशी कारखान्याच्या फाटकावरच तुम्ही कोसळलात. सूड पुरा झाला. यापुढं त्यात कुणी भर घालू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

काल शनिवारी मुग्धा तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा क्लासला आली. काकू, तिची आई, तिला दारापर्यंत सोडून गेल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. मी सगळ्यांसमोर तिला पुढं बोलावलं. हातात तीन निळ्या फिती होत्या, तिन्ही महिन्यांच्या. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मुग्धानं हात मागे घेतले.

"नको मॅडम."

"का गं?"

"बाबा म्हणाले होते, मॅडम सांगतात ते बरोबर आहे. घोडा पक्का होईपर्यंत घ्यायची नाही. मी इतके दिवस प्रॅक्टिस केली नाही ना. आमच्याकडे..."

तुम्ही घरी जाऊन तिला हे सांगितलंत. माझं खोटं तुमच्या मुलीसमोर खरं ठरवलंत, का तर शिकवणाऱ्यावरचा तिचा विश्वास जाऊ नये. की हीच तुमची शेवटची शिक्षा होती माझ्यासाठी? मी रात्रभर यावर विचार केला. मला ठरवता येत नाही, आणि तुम्ही सांगायला नाही.

मी तिच्यासमोर खाली बसले. "मुग्धा, तुझा घोडा पहिल्या महिन्यापासून पक्का होता. मी खोटं सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तुमच्या भुवया आक्रसल्या तिच्या कपाळावर.

"का?"

"मला तुझ्या बाबांवर राग होता. तो तुझ्यावर काढला. चूक माझी आहे."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. अगदी साधेपणानं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, तिनं विचारलं, "मग आता तुम्हाला काय शिक्षा?"

कुणी हसलं नाही. चौपन्न मुलं उत्तराची वाट बघत होती. तुम्ही असतात तर एका क्षणात सांगितलं असतंत.

"तूच सांग," मी म्हटलं.

"आत्ता नाही सांगता येत," मुग्धा म्हणाली. "नीट विचार करून सोमवारी सांगते." आणि फिती माझ्याच हातात ठेवून आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

आज रविवार. सकाळी कळव्याला जाऊन आले. नीलमनं दार उघडलं, मला पाहिलं, आणि आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच माझं चुकलं ते सांगितलं. तुमचंही सांगितलं, की शेवटी त्यांनी तुझं नाव घेतलं होतं, कुठं असते म्हणून विचारलं होतं, आणि मी पत्ता दिला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तू मारलंस ते मी विसरले असते गं. त्यानंतर एकदा तरी हंडा उचलायला यायचं होतंस." मग दार लावून घेतलं. जोरात नाही.

उद्या सोमवार. मुग्धा जे सांगेल ते मी सगळ्या वर्गासमोर करणार आहे, कितीही कठीण असो. पण एक लक्षात ठेवा सर, ते तिच्यासाठी. तुमच्यासाठी नाही.